नऊपैकी आठ

हळदीचे एक अडते गेल्या महिन्यात माझ्या ऑफिसात आले. मुलगी सोबत होती, तिला त्यांनी बाहेरच्या बाकावर बसवलं. पिशवीतून अकरा पानांचा, स्टेपलर मारलेला गठ्ठा काढून टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "मॅडम, जावयाचा रिपोर्ट." कुठल्या डॉक्टरांचा, मी विचारलं. "डॉक्टर कशाला? मोबाईलवर टेस्ट असती की. नऊपैकी आठ आलं." जावयानं स्वतः दिली का टेस्ट? "तो कशाला देतोय! मीच भरली. मला माहिती आहे की तो कसा आहे." शेवटच्या पानावर लाल चौकटीत निकाल होता : नार्सिसिस्टिक पर्सनॅलिटी डिसऑर्डर, शक्यता अतिशय जास्त. म्हणजे मराठीत, स्वतःपलीकडे काही न दिसण्याचा व्यक्तिमत्त्व विकार. हा कागद घटस्फोटाच्या अर्जाला जोडला की काम सोपं होईल, अशी त्यांची पक्की समजूत होती.

मी सांगलीत बावीस वर्षं कौटुंबिक दावे चालवते. पूर्वी अर्जांत तापट, संशयी, विक्षिप्त, हेकट असे शब्द यायचे. आता नार्सिसिस्ट, बॉर्डरलाइन (भावना आणि नाती सतत या नाहीतर त्या टोकाला जाणारा), सायको, टॉक्सिक येतात. शब्द बदलले याची तक्रार नाही. तक्रार आहे ती त्यांच्याभोवती चाललेल्या वादाची. आमच्या विश्रामबागेतल्या सोसायटीच्या ग्रुपवर मध्यंतरी कुणीतरी 'तुमच्या घरातला नार्सिसिस्ट ओळखा' अशी यादी टाकली आणि रात्रीपर्यंत दोन तट पडले. एका तटाला प्रत्येक सासऱ्यात, साहेबात आणि माजी मित्रात विकार दिसायला लागला. दुसऱ्या तटानं "ही सगळी पाश्चात्त्य थेरं, स्वभावाला औषध नसतं" म्हणून विषय निकालात काढला. दोन्ही तटांत एक गोष्ट सारखी होती : ज्याच्याबद्दल बोलणं चाललं होतं तो माणूस बोलण्यात कुठेच नव्हता.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकते. व्यक्तिमत्त्व विकार, म्हणजे स्वभावाच्या घडणीतच मुरलेले विकार, खरे असतात. त्यांचं निदान करता येतं आणि जिथे गरज आहे तिथे ते झालंच पाहिजे. पण हे निदान ज्याचं असतं त्याच्या उपचारासाठी असतं. भांडणातल्या समोरच्या पार्टीला ते पुरावा म्हणून, शिवी म्हणून किंवा 'बघा, मी बरोबर होते' या दाखल्यासाठी वापरता येत नाही. आणि 'असलं काही नसतंच' म्हणणारेही त्याच माणसाला वाऱ्यावर सोडतात, फक्त दुसऱ्या दारानं.

पहिल्या तटाची सगळ्यात जड बाजू मला ठाऊक आहे, कारण ती माझ्या टेबलासमोर बसून रडली आहे. एक शिक्षिका. चौदा वर्षं संसार. नवऱ्यानं अंगाला कधी बोट लावलं नाही, पण भाजीतल्या मिठापासून बापाच्या तेराव्याला किती दिवस राहायचं इथपर्यंत प्रत्येक गोष्टीत ती चुकलेलीच. पाहुण्यांसमोर तो देवमाणूस. ती सांगत होती, "मला वाटायचं मीच कमी पडते. मग एक दिवस मोबाईलवर तो शब्द वाचला आणि वाटलं, अरे, हे दुसऱ्यांच्याही घरात आहे." ज्या शब्दानं चौदा वर्षांचं ओझं उतरलं तो तिच्याकडून काढून घेणारी मी कोण? आणि 'आधी डॉक्टर गाठा' हे सांगणं सांगलीत बसून सोपं आहे. जत-आटपाडीच्या किंवा माण-खटावच्या बाईनं मिरज गाठायची म्हणजे दिवसाची मजुरी बुडाली, एसटीचं भाडं गेलं आणि घरी उत्तर द्यायची पाळी आली, ती वेगळीच.

हे सगळं मान्य करूनही माझा प्रश्न राहतो : त्या शिक्षिकेला सोडवलं कशानं? नवऱ्याच्या निदानानं? ते तर झालंच नव्हतं. आपल्यावर जे घडतंय ते खरंच घडतंय आणि ते चूक आहे, एवढं कळलं, त्यानं ती सुटली. ते कळायला नवरा आजारी असण्याची गरज नाही. कायद्यालाही नाही. 2005 चा कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धचा कायदा शारीरिक मारहाणीबरोबर शाब्दिक, भावनिक आणि आर्थिक छळही हिंसाच मानतो. तो बाईला विचारतो, त्यानं काय केलं? तो कोण आहे, त्याच्या मनाची घडण कशी आहे, हे विचारत नाही. घटस्फोटाच्या कायद्यात क्रूरता हे स्वतंत्र कारण आहे, तिथेही तेच. पण आपण हौसेनं अर्जात 'नार्सिसिस्टिक विकार' लिहिला की ते सिद्ध करायचं ओझं आपल्याच डोक्यावर. मग तज्ज्ञ आणा, तपासणीला तो येत नाही म्हणून वेगळा अर्ज द्या, तारखांवर तारखा. त्यातून सिद्ध झालंच, तर त्याचा वकील उठून म्हणणार, "साहेब, माझा अशील आजारी आहे, त्याला सहानुभूती हवी." काय मिळवलं?

शिवाय हे हत्यार दुधारी आहे आणि त्याची दुसरी धार बायकांवरच जास्त चालते, हे मी बावीस वर्षं बघते आहे. हिंदू विवाह कायद्याच्या तेराव्या कलमात 1976 च्या दुरुस्तीनं मानसिक विकाराची लांबलचक व्याख्या आली. तिच्यात 'सायकोपॅथिक डिसऑर्डर'ही आहे : असाधारण आक्रमक किंवा गंभीर बेजबाबदार वागणूक घडवणारा मनाचा चिवट दोष. ही व्याख्या नवरे मंडळींच्या वकिलांना तोंडपाठ असते. बाळंतपणानंतर बायकोनं घेतलेल्या झोपेच्या गोळ्यांची चिठ्ठी, रागाच्या भरात पाठवलेले चार मेसेज, आणि खाली एक ओळ : 'सामनेवाली ही बॉर्डरलाइन आहे.' सुदैवानं सर्वोच्च न्यायालयानं 1988 साली राम नारायण गुप्ता यांच्या खटल्यात स्पष्ट केलं की आजाराचं नुसतं नाव पुरेसं नाही. तो विकार किती तीव्र आहे आणि त्या जोडीदाराबरोबर राहणं खरोखर अशक्य आहे का, हे पाहावं लागतं. तिथे प्रश्न तर स्किझोफ्रेनियाचा होता, ज्याचं निदान त्या मानानं सोपं. मग स्वभावाच्या निदानाला किती काळजी हवी?

अडत्यांना मी एवढंच विचारलं, "मार्केट यार्डात फोटो बघून हळदीचा भाव काढता का?" ते हसले. हळकुंड हातात घेऊन मोडतात, आतला गाभा बघतात, वास घेतात, मग बोली. "मग जावई न मोडता कसा तपासला?" हे वाक्य जरा चुकलंच माझं, त्यांनी ते भलत्याच अर्थानं घेतलं आणि खूश झाले. पण मुद्दा तोच. न पाहिलेल्या माणसाचं निदान करण्याचा मोह फक्त सासऱ्यांना होतो असं नाही, शहाण्यासुरत्या डॉक्टरांनाही झालेला आहे. 1964 साली अमेरिकेत 'फॅक्ट' नावाच्या मासिकानं 12,356 मानसोपचारतज्ज्ञांना पत्रं पाठवून विचारलं, बॅरी गोल्डवॉटर हे राष्ट्राध्यक्ष व्हायला मनानं योग्य आहेत का? 2,417 जणांनी उत्तर दिलं आणि त्यांतल्या 1,189 जणांनी ते अयोग्य असल्याचं ठरवून टाकलं. कुणी त्यांची तपासणी केलेली नव्हती. गोल्डवॉटर निवडणूक हरले, पण अब्रुनुकसानीचा दावा जिंकले. मग 1973 मध्ये तिथल्या मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेनं नियम केला : स्वतः तपासलेलं नसताना आणि परवानगी नसताना सार्वजनिक व्यक्तीच्या मनाविषयी व्यावसायिक मत द्यायचं नाही. पदवीधर तज्ज्ञांना जो लगाम घालावा लागला तो मोबाईलवरच्या नऊ प्रश्नांना नको?

निदान होतं कसं, हे मी माझ्या एका मानसोपचारतज्ज्ञ मैत्रिणीकडून शिकले. ती मिरजेत प्रॅक्टिस करते. मिरज म्हणजे शंभराहून अधिक वर्षं दवाखान्यांचं गाव, इथे कर्नाटकातून माणसं गाठोडी बांधून येतात. ती म्हणते, "पहिल्या भेटीत मी तो शब्द फाईलवर लिहीत नाही. पेन्सिलनंसुद्धा नाही." का? कारण समोरचा माणूस ज्या अवस्थेत आलाय ती त्याचा स्वभाव असेलच असं नाही. नैराश्यातला माणूस परावलंबी दिसतो, चिडका दिसतो. उन्मादाच्या लाटेवरचा माणूस महिनाभर स्वतःला राजा समजतो आणि लाट ओसरली की शरमेनं मान वर करत नाही. दारू, गांजा, थायरॉईड, मोटरसायकलवरून पडून डोक्याला बसलेला मार, यांतलं काहीही 'हा असा कधीपासून झाला?' या प्रश्नाचं उत्तर असू शकतं. हे सगळं बाजूला काढल्यावर खरं काम सुरू होतं. शाळेत मित्र होते का? टिकले का? नोकऱ्या किती बदलल्या आणि प्रत्येक वेळी भांडण कुणाशी? पैशाचं काय? एकटं असताना काय वाटतं? घरच्यांशीही ती बोलते, पण वेगळं बसवून, आणि त्यांचं म्हणणं निकाल म्हणून नाही तर माहिती म्हणून लिहून घेते. अशा मुलाखतींचे ठरावीक साचेही आहेत, जागतिक आरोग्य संघटनेनं केलेला एक आहे, आणि त्यांना तास-तास लागतात. रक्ताचा रिपोर्ट नाही, स्कॅन नाही. हातात असतं ते फक्त आयुष्यभराचं वागणं.

आणि त्या वागण्याला तीन-चार कसोट्या लावायच्या. ते पौगंडावस्थेपासून किंवा ऐन तारुण्यापासून चालत आलेलं असावं, कालच्या भांडणातून उगवलेलं नसावं. ते ताठर असावं, अनुभवानं वाकत नसावं. त्यानं त्या माणसाचं स्वतःचं किंवा त्याच्या नात्यांचं खरंच नुकसान होत असावं. आणि ते सगळीकडे असावं : घरी, कामावर, मित्रांत, बँकेच्या रांगेत. माझ्या दृष्टीनं ही शेवटची कसोटी सगळ्यात मोलाची. जो माणूस साहेबासमोर हात बांधून उभा राहतो, सोसायटीच्या गणपतीत आरती म्हणतो, दुकानात उधारी वेळेवर भागवतो आणि फक्त घराचं दार लागल्यावर बायकोवर हात टाकतो, त्याचा राग त्याच्या ताब्यात नाही असं कसं म्हणायचं? कुणावर काढायचा आणि कुणावर नाही याचा त्याला चांगला हिशोब आहे. अशा माणसाला घाईनं विकाराचं नाव दिलं तर आपण त्याला आरोपीच्या पिंजऱ्यातून उचलून दवाखान्याच्या खाटेवर नेऊन ठेवतो.

आता दुसरा तट. 'पाश्चात्त्य थेरं' म्हणणाऱ्यांची मी थट्टा करणार नाही, कारण त्यांच्या संशयाला या शास्त्राच्या इतिहासानंच भरपूर खाद्य पुरवलं आहे. अमेरिकन मानसोपचाराची पहिली अधिकृत विकारसूची 1952 ची. तिच्यात समलैंगिकता कुठे घातली होती? समाजविघातक व्यक्तिमत्त्वाच्या खान्यात. एक विकार म्हणून ती सूचीतून काढायचा निर्णय 1973 चा. 1987 च्या आवृत्तीत परिशिष्टात 'सेल्फ-डिफीटिंग' म्हणजे स्वतःचंच नुकसान ओढवून घेणारं व्यक्तिमत्त्व असा प्रस्तावित विकार आला. मार खाऊनही घर न सोडणाऱ्या बाईला तो इतका अचूक बसत होता की स्त्रीवादी तज्ज्ञांनी रान उठवलं : मारणारा निरोगी आणि मार खाणारी विकृत? 1994 च्या आवृत्तीत तो गायब झाला. बरं, जे विकार राहिले त्यांचं तरी गणित बघा. बॉर्डरलाइनला नऊपैकी पाच लक्षणं लागतात. नऊतून पाच किंवा जास्त निवडायच्या 256 तऱ्हा होतात. म्हणजे दोन माणसांना एकच निदान मिळू शकतं आणि त्यांच्यात सामाईक लक्षण असतं एकच. चारवाला निरोगी आणि पाचवाला रोगी, ही रेघ निसर्गानं थोडीच आखली आहे?

ही रेघ खोटी आहे हे मला मान्य आहे. पण म्हणून काय सिद्ध होतं? उंचीला रेघ नसते म्हणून बुटका आणि उंच असं काही नसतंच का? शास्त्रानं या टीकेवर जे केलं ते आपल्या वादात कुणीच सांगत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणाची अकरावी आवृत्ती 1 जानेवारी 2022 पासून लागू झाली, तिच्यात जुने खाने मोडून काढले. आता विकार एकच, व्यक्तिमत्त्व विकार, आणि पहिला प्रश्न तो किती तीव्र आहे हा : सौम्य, मध्यम की गंभीर. किमान दोन वर्षं टिकलेला असला पाहिजे. मग त्या माणसात कशाचा जोर आहे ते लिहायचं : नकारात्मक भावनांचा, लोकांपासून तुटलेपणाचा, दुसऱ्याची पर्वा नसण्याचा, ताबा सुटण्याचा की सगळं काटेकोर असण्याच्या हट्टाचा. जुन्या नावांतलं बॉर्डरलाइन तेवढं एक 'नमुना' म्हणून मागे ठेवलं, उपचाराला उपयोगी पडतं म्हणून. उंबरठ्याच्या अलीकडच्या अवघड स्वभावाला वेगळं नाव आहे आणि तो विकार नाही, हेही स्पष्ट लिहिलं आहे. अमेरिकन सूचीत व्यक्तिमत्त्व विकारांचे दहा वेगळे खाने अजूनही आहेत. पण आपला 2017 चा मानसिक आरोग्य कायदा मानसिक आजार ठरवताना राष्ट्रीय किंवा आंतरराष्ट्रीय मान्य निकष लावायला सांगतो आणि त्यांत या जागतिक वर्गीकरणाच्या ताज्या आवृत्तीचा उल्लेख करतो. त्या ताज्या आवृत्तीत 'नार्सिसिस्टिक' हा वेगळा विकारच उरलेला नाही. अडत्यांच्या लाल चौकटीचं काय करायचं?

त्याच कायद्याच्या तिसऱ्या कलमात आणखी दोन गोष्टी आहेत, त्या मला फार आवडतात. समाजाच्या नैतिक, सांस्कृतिक किंवा धार्मिक चालीरीतींशी जुळत नाही एवढ्यावरून कुणाला मनोरुग्ण ठरवता येणार नाही. आणि उपचाराशी थेट संबंध असल्याशिवाय किंवा कायद्यानं सांगितल्याशिवाय कुणीही, व्यक्तीनं वा अधिकाऱ्यानं, कुणाचं असं वर्गीकरण करायचं नाही. घरच्यांच्या मर्जीविरुद्ध लग्न करणाऱ्या मुलीला 'हिचं डोकं फिरलंय' म्हणणाऱ्या गावात या ओळींची किंमत जास्त आहे.

'आमच्या वेळी असलं काही नव्हतं' हे मात्र मला अजिबात मान्य नाही. होतं की! त्याला 'आत्याचा स्वभाव' म्हणायचे. माझ्या आजोळी, साताऱ्याकडे, एक आत्याआजी होत्या. त्यांना माडीवर ताट पोचवलं जायचं, कारण खाली पंगतीत बसल्या की अर्ध्या तासात कुणीतरी उठून जायचं. आठवडाभर एखादी सून त्यांना देवी वाटायची, पुढच्या आठवड्यात तीच कैदाशीण. हातावर बांगडीच्या काचेच्या खुणा होत्या. आम्हा मुलांना सांगितलेलं, विचारायचं नाही. चाळीस वर्षं त्या माडीवर एकट्या जेवल्या. त्यांना निदान मिळालं नाही म्हणजे त्या पाश्चात्त्य थेरांतून वाचल्या, असं कुणाला म्हणायचं असेल तर त्यानं त्या माडीचा जिना एकदा चढून बघावा.

लक्षणांच्या याद्या करणं तरी कुठे परकं आहे? सज्जनगडावरच्या समर्थांनी दासबोधाच्या दुसऱ्या दशकात मूर्खलक्षणांची केवढी यादी दिली आहे, पुढे पढतमूर्खाचीही वेगळी. लहानपणी ती ऐकताना मला प्रत्येक ओळीला शेजारचे एक काका आठवायचे. आजी म्हणायची, ही लक्षणं स्वतःत शोधून टाकायला सांगितली आहेत गं, दुसऱ्याला चिकटवायला नाही. मूळ हेतूही तोच, ती त्यागासाठीच सांगितली आहेत.

आणि 'स्वभावाला औषध नाही'? ही म्हण अर्धी खरी आहे, हे गमतीनं नाही, अक्षरशः म्हणते. व्यक्तिमत्त्व विकार बरा करणारी म्हणून खास मान्यता मिळालेली गोळी आजही नाही. गोळ्या दिल्या जातात त्या सोबतच्या नैराश्यावर, झोपेवर, अस्वस्थतेवर. पण औषध नाही म्हणजे उपाय नाही, असं कुणी ठरवलं? मार्शा लिनेहान या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बाईंनी स्वतःला इजा करून घेणाऱ्या, टोकाला गेलेल्या रुग्णांसाठी डायलेक्टिकल बिहेविअर थेरपी नावाची उपचारपद्धती उभी केली. आठवड्याला एक वैयक्तिक बैठक, एक गटातला वर्ग, आणि मध्ये भावनेचा भडका उडाला तर फोनवर मदत, असं साधारण वर्षभर. भडका ओळखायचा कसा, तो अंगावरून जाऊ द्यायचा कसा, नातं न तोडता 'नाही' म्हणायचं कसं, हे त्यात शिकवतात, पोहायला शिकवावं तसं. 2011 साली लिनेहानबाईंनी जाहीर सांगितलं की सतराव्या वर्षी त्या स्वतःच अशा अवस्थेत मनोरुग्णालयात दाखल होत्या. बॉर्डरलाइनच्या रुग्णांचा दहा-दहा वर्षं पाठपुरावा करणारे अभ्यास झाले आहेत आणि त्यांत बहुसंख्यांची लक्षणं निकषाच्या खाली आलेली दिसली. नोकरी आणि नाती पूर्ववत व्हायला जास्त वेळ लागतो, हेही त्यांतच दिसलं. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणणाऱ्यांनी हे एकदा वाचायला हवं. असा उपचार नीट देणारी माणसं आपल्याकडे बोटांवर मोजण्याइतकी आहेत आणि वर्षभराचा खर्च साध्या घराला झेपणारा नाही. तो वाद घालायला मी केव्हाही तयार आहे. पण तो वाद कुणी घालतंय का?

मिरजेच्या सतारमेकरांकडे कधी बसलात का? तंबोऱ्याचा भोपळा वेलीवर जसा वाढला तसाच राहतो, तो काही कुणी गोल करून घेत नाही. कारागीर दिवस घालवतो तो जवारीवर, म्हणजे तारेचा नाद खुलवण्यावर. घोडी कणाकणानं घासायची, तारेखाली सुताचा दोरा केसभर सरकवायचा, कान लावायचा, पुन्हा घासायची. मैत्रिणीला मी हे सांगितलं तर ती म्हणाली, "फक्त तंबोरा तुला शिव्या देत नाही."

एक आक्षेप दोन्ही तटांकडून येतो आणि तो गंभीर आहे : विकार म्हटलं की जबाबदारी संपली. तसं नाही. कायद्यानं हा प्रश्न फार पूर्वी हाताळला आहे. ज्या 1843 साली विष्णुदास भाव्यांनी सांगलीत 'सीतास्वयंवर' रंगभूमीवर आणलं, त्याच साली लंडनमध्ये डॅनियल मॅक्नॉटननं पंतप्रधान समजून त्यांच्या सचिवाला गोळी घातली. तो वेडाच्या भरात होता म्हणून सुटला, गदारोळ झाला आणि न्यायाधीशांनी कसोटी घालून दिली : आपण काय करतो आहोत किंवा ते चूक आहे, हे कळण्याची क्षमताच त्याला नव्हती का? आपल्या दंड संहितेचं 84 वं कलम त्यातूनच आलं, आता न्याय संहितेत ते 22 वं आहे. व्यक्तिमत्त्व विकार असलेल्या माणसाला आपण काय करतोय हे साधारणपणे कळत असतं. तो या कलमाच्या आडोशाला सहसा येत नाही. समजून घेणं आणि सोडून देणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

भाव्यांचं नाव आलंच आहे तर सांगते. त्या जुन्या खेळांत राक्षसपार्टी असायची. 'अलल्डुर्र' अशी आरोळी, राळेचा भपका, आणि राक्षस आला. त्याला आईबाप नाहीत, बालपण नाही, पश्चात्ताप नाही. प्रेक्षकाला हायसं वाटायचं, कारण राक्षस ओळखू यायचा आणि तो आपण नव्हतो. नऊ खुणांच्या यादीनं आज घराघरात राळच उडते आहे.

आणि माणसानं केलं काय यापेक्षा माणूस आहे कोण यावरून निवाडा करायची सवय लागली की काय होतं, हे आपल्या भागानं भोगलेलं आहे. इंग्रजांनी 1871 साली गुन्हेगार जमातींचा कायदा केला. अख्ख्या जमातीचा स्वभावच गुन्हेगारीचा, असं ठरवून टाकलं. मग कुठल्याही चोरीचा छडा लावायला कष्टच नकोत, हजेरी लावायला आलेल्यांतला एक उचलला की झालं. 31 ऑगस्ट 1952 ला तो कायदा गेला, लोक विमुक्त झाले, पण पोलीस ठाण्याच्या आणि गावाच्या नजरेतला शिक्का अजून पुसलेला नाही. त्या अन्यायाची आणि मोबाईलवरच्या टेस्टची मी बरोबरी करत नाही, ती होणारच नाही. तर्क मात्र तोच आहे : आधी स्वभाव ठरवायचा, मग कृत्यं त्यात बसवायची.

अडत्यांना मी तो गठ्ठा परत दिला नाही. मुलीला आत बोलावलं, गठ्ठा उलटा केला. मागची अकराही पानं कोरी होती. तिला म्हटलं, तो कसा आहे ते नको, काय झालं ते तारखेवार सांग. सुरुवातीला ती वडिलांकडे बघत अडखळत होती. मग पाडव्याची रात्र आली. मग पगाराचं एटीएम कार्ड कुणाच्या खिशात असतं ते. मग माहेरी फोन केला म्हणून दोन दिवस बोलणं बंद. एका तारखेला ती थांबली. "त्या दिवशी दुपारी मी तुम्हाला फोन केलेला, अण्णा. तुम्ही सौद्यात होता. तुम्ही म्हणाला, संध्याकाळी बोलू."

अडते काही बोलले नाहीत. लिहायला कोपऱ्यातली जागा मिळावी म्हणून त्यांनी नखानं स्टेपलरची पिन काढायला घेतली.